ओझं घेऊन कोकणात सायकलने जाताना

दिवाळी सरली की मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिककडचे सायकलस्वार कोकणचे बेत आखू लागतात. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग पाचशे किलोमीटरच्या आसपासचा. रोज साठ-सत्तर किलोमीटर कापले तर आठ दिवसांत पुरा होतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या मानाने वर्दळ कमी, वाटेत गावं भरपूर, आणि मधल्या खाड्या ओलांडायला फेरीबोटी. पाठीमागे सामानाची गाडी न ठेवता, लागेल ते सगळं आपल्याच सायकलवर लादून जायला याहून चांगला रस्ता महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

नकाशावर समुद्राला लागून जाणारा हा रस्ता सपाट वाटतो, पण तो तसा नाही. खाडी आली की रस्ता थेट पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो. घाटासारखे लांबलचक चढ इथे नाहीत. छोटे, उभे आणि एकामागून एक येणारे चढ मात्र दिवसभर भेटतात. ओझं खरं जाणवतं ते इथे. स्वार ७० किलोचा, सायकल १५ किलोची आणि सामान १५ किलो धरू. बिनसामानाच्या ८५ किलोंपेक्षा हे १०० किलो सड्यावर चढवायला जवळपास १८ टक्के जास्त काम पडतं. सपाटीवर हाच फरक फार थोडा असतो, म्हणून घराजवळच्या सरळ रस्त्यावर सायकल चालवून ‘जमतंय की’ असं ठरवू नका.

ओझं किती आहे याला महत्त्व आहेच. पण ते सायकलवर कुठे बसलंय आणि चालताना हलतंय का, याला त्याहून जास्त महत्त्व आहे. खाली, घट्ट आणि दोन्ही बाजूंना सारखं बांधलेलं पंधरा किलोचं ओझं सहज पेलतं. उंचावर सैल बांधलेलं आठ किलोचं ओझंसुद्धा उतारावर धोका निर्माण करतं. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

पाठ मोकळी ठेवा

सुरुवात पाठीवरची सॅक काढून टाकण्यापासून करा. तासाभराच्या फेरीला ती चालते, आठ दिवसांच्या प्रवासाला नाही. सॅकचं सारं वजन खांदे, मनगटं आणि बैठकीवर येतं. कोकणातल्या दमट हवेत पाठीला घाम धरतो, पुरळ उठतं आणि दुसऱ्या दिवसापासून मान धरते. शिवाय शरीराच्या वरच्या भागातलं वजन वाढल्याने वळणावर तोल सांभाळायला जास्त कष्ट पडतात. पाठीवर काही घ्यायचंच असेल तर पातळ रेनकोटापलीकडे काही नको.

किती न्यायचं?

मुक्काम घरगुती खानावळीत किंवा लॉजवर करणार असाल तर बॅगांसकट दहा ते बारा किलो आणि वर दोन लिटर पाणी, एवढ्यात भागतं. तंबू, स्लीपिंग बॅग आणि स्टोव्ह घेणार असाल तर अठरा-वीस किलोंपर्यंत जाल. त्यापुढे गेलात तर काहीतरी जास्तीचं घेतलंय असं समजा.

यादी कागदावर करा आणि प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून तिच्यापुढे वजन लिहा. अंदाज नेहमी कमी निघतो. बॅगांची जोडीच दीड-दोन किलोची असते, मोठी पॉवरबँक चारशे ग्रॅमच्या आसपास, मजबूत कुलूप पाऊण-एक किलोचं. मग कपड्यांकडे वळा. सायकल चालवायचे दोन जोड आणि संध्याकाळी घालायचा एक जोड पुरतो, कारण रात्री धुतलेला पातळ कपडा हिवाळ्यात सकाळपर्यंत वाळतो. जीन्स आणि जाड टॉवेल घरी ठेवा. पंचा हलका आणि लवकर वाळणारा. खाण्याचे डबे भरून नेऊ नका. दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी गावं वाटेत आहेत, तिथे सगळं मिळतं. बरोबर चिक्की, खजूर, शेंगदाणे आणि मीठ-साखर-पाण्याची पुडी असावी.

कपात करू नये अशा गोष्टी चार: दुरुस्तीचं सामान, औषधं, दिवे आणि पाणी.

आधी मागचं चाक

आपल्याकडच्या जुन्या दणकट काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असत. दूधवाल्याचे कॅन, पिठाची पोती आणि मागे बसलेला माणूस हे सगळं मागच्या चाकावर येतं, हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. आजच्या गिअरच्या सायकलींना बहुधा दोन्हीकडे सारख्याच तारा असतात. काही वेगवान सायकलींना तर २४ किंवा २८. ओझ्याच्या प्रवासाला मागच्या चाकाला निदान ३२ तारा हव्यात, ३६ असल्या तर उत्तम.

तार तुटली तर बहुतेक वेळा ती मागच्या चाकातली आणि चेनच्या बाजूची असते. गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणून बसवलेल्या असतात. निघण्यापूर्वी पंधरा दिवस चाक जाणत्या मेकॅनिककडे द्या आणि आउट काढून सगळ्या तारांचा ताण सारखा करून घ्या. नवं चाक असेल तर शंभर-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा दाखवा, कारण तारा सुरुवातीला थोड्या बसतात. घरच्या घरी तपासायचं तर एकाच बाजूच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबत चाकाभोवती फिरा. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा ढिली लागली तर तिथे काम आहे.

टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा घ्या. मागे पुढच्यापेक्षा हवा जास्त ठेवा. ३७ मिलिमीटरच्या टायरला एकूण शंभर किलोंच्या भाराला मागे साधारण साठ पौंड आणि पुढे पन्नासच्या आत, इथून सुरुवात करून आपल्या वजनाप्रमाणे बदला. टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा ओलांडू नका. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या वॉल्व्हला बसतो. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॉप्टर बरोबर असू द्या.

कॅरिअर आणि त्याचे बोल्ट

चांगल्या कॅरिअरवर भाराची मर्यादा कोरलेली असते. मागच्या कॅरिअरवर बहुधा २५ किलो. मात्र नुसत्या सीटच्या नळीला आवळून बसणारे कॅरिअर नऊ-दहा किलोंपर्यंतच्या भाराचे असतात, आणि तो भार हलला की ते नळीभोवती फिरतात. बाजूला बॅगा लटकवायच्या तर खाली मागच्या आसाजवळ आणि वर सीटखाली, अशा चार ठिकाणी फ्रेमला पक्कं होणारं कॅरिअर घ्या. फ्रेमला त्यासाठी भोकं नसतील तर रबर लावलेले पी-क्लॅम्प वापरता येतात. कार्बनच्या फ्रेमवर मात्र हा प्रयोग नको. डिस्क ब्रेक असेल तर कॅरिअरची दांडी ब्रेकला घासत नाही ना, हे चाक फिरवून पाहा.

हे सारं ओझं शेवटी ५ मिलिमीटर जाडीच्या चार बोल्टांवर तोललेलं असतं. खराब रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सैल होतात आणि सैल बोल्ट लवकर तुटतो. म्हणून बसवताना आट्यांना लॉकटाइट लावा किंवा नायलॉनचे नट वापरा. तेवढेच चार बोल्ट जास्तीचे घ्या. रोज सकाळी निघण्यापूर्वी अ‍ॅलन की घेऊन चारही तपासायला मिनिटभर लागतं. ही सवय संपूर्ण प्रवासात मोडू नका.

बॅगा: विकतच्या किंवा घरच्या

कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पॅनियर बॅगा सर्वांत सोयीच्या. विकत घेताना तीन गोष्टी पाहा: वरचे हुक कॅरिअरच्या दांडीवर अडकून बंद होतात का, खालचा हुक किंवा इलॅस्टिक बॅगेला आत ओढून धरतं का, आणि मागची बाजू कडक आहे का. खालचा आधार नसलेली बॅग गतिरोधकावर उडते आणि परत आदळताना हुक निसटतो. मागची बाजू मऊ असेल तर भरलेली बॅग फुगून तारांत शिरते.

बाजारातल्या बॅगा महाग वाटल्या तर रेक्झिन शिवणाऱ्याकडून दोन पिशव्या शिवून घ्या आणि आत पातळ प्लायवुडचा किंवा कडक प्लॅस्टिकचा तुकडा घाला. तेलाचे चौकोनी प्लॅस्टिकचे कॅन वरून कापून, स्वच्छ धुऊन, हुक लावून वापरणारेही सायकलस्वार आहेत; ते पाणी आत येऊ देत नाहीत. बॅग कोणतीही असो, एकही पट्टा लोंबता ठेवू नका. चाकात अडकलेला पट्टा क्षणात चाक थांबवतो.

वर आडवं सामान बांधायला जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून घ्या. हुकवाल्या इलॅस्टिक दोऱ्यांपेक्षा त्या घट्ट धरतात, फुकट मिळतात आणि ताणलेला हुक सुटून डोळ्याला लागण्याची भीती राहत नाही.

कुठे काय ठेवायचं

सायकलवर बसलेल्या माणसाच्या वजनातला मोठा वाटा आधीच मागच्या चाकावर असतो. त्यात सगळं सामान मागेच लादलं तर चढावर पुढचं चाक हलकं होतं, हँडल इकडेतिकडे भरकटू लागतं. म्हणून पंधरा किलोंच्या पुढे जाणार असाल तर पुढेही लहान बॅगा लावा आणि सामान साधारण मागे साठ टक्के, पुढे चाळीस टक्के असं वाटा. पुढच्या बॅगा आसाच्या उंचीला, खाली असाव्यात. पुढे शॉकअपवाला फोर्क असेल तर त्यावर साधं कॅरिअर बसवू नका. तेव्हा जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणातल्या बॅगेत घाला.

बॅगेच्या आत अवजारं, कुलूप, स्टोव्ह, तांदूळ-डाळ असं जड सामान तळाशी आणि चाकाच्या बाजूला ठेवा. कपडे वर. फक्त मागेच बॅगा असतील तर जड वस्तू पुढच्या कोपऱ्यात सरकवा, पण पेडल मारताना टाच बॅगेला लागते का ते पाहा. लागत असेल तर बॅग थोडी मागे घ्या. कॅरिअरच्या माथ्यावर फुगीर पण हलकं सामान चालेल: चटई, स्लीपिंग बॅग, वाळत घातलेले कपडे. पाण्याच्या बाटल्या फ्रेमवर, खाली. हँडलच्या बॅगेत कागदपत्रं, फोन, कॅमेरा, खाऊ. तिचं वजन तीन किलोंपलीकडे जाऊ देऊ नका, नाहीतर हँडल वळवताना ते विरोध करतं.

डाव्या-उजव्या बॅगांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नसावा. बॅग अडकवून वजन करायचा छोटा काटा मिळतो. नसेल तर किराणा दुकानदाराला विनंती करा. बॅगा कितीही चांगल्या असल्या तरी आतले कपडे आणि विजेच्या वस्तू जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा. अवेळी पावसाची सर कोकणात नवी नाही.

घराजवळ पाण्याच्या बाटल्यांनी सराव

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यामुळे सरावाला सामान भरत बसू नका. लिटरच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही बॅगांत सारख्या वाटून घाला. पहिल्या आठवड्यात सहा, मग दहा, मग बारा. पुणेकरांनी कात्रजचा चढ घ्यावा, ठाणेकरांनी येऊर, कोल्हापूरकरांनी जोतिबाचा डोंगर. निघण्यापूर्वीच्या शेवटच्या रविवारी खऱ्या सामानानिशी पन्नास-साठ किलोमीटर जा. कोणता बोल्ट खडखडतो, कोणती बॅग सरकते, कोणता गिअर कमी पडतो हे तेव्हाच कळू द्या.

गिअर कमी पडणं ही नेहमीची तक्रार आहे आणि ती बाजारात सुटते. पुढे सर्वांत लहान चकती २२ दात्यांची आणि मागे सर्वांत मोठी ३४ दात्यांची असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.४ मीटर पुढे जाते. सड्याच्या उभ्या चढावर एवढंच हवं असतं. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या असलेली वेगवान सायकल घेऊन ओझ्यासह निघालात तर गुडघ्यांवर अन्याय होईल. मागचा फ्रीव्हील किंवा कॅसेट ३४ दात्यांपर्यंतचा बसतो का, हे दुकानात विचारून घ्या.

चढ

चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर हलका करा. ऐन चढावर ताकद लावत गिअर बदलला की चेनवर नको तेवढा ताण येतो. बसूनच चढा. उभं राहून पेडल मारलं की सायकल डावी-उजवी झुलते आणि बॅगांचं वजन तो झोका वाढवतं. पायांचा वेग मिनिटाला सत्तरच्या आसपास राहील एवढा गिअर ठेवा. वेग ताशी पाच-सहा किलोमीटरवर आला आणि हँडल डगमगू लागलं तर उतरा. भरलेली सायकल ढकलताना तिच्या डाव्या बाजूला राहा, डावा हात हँडलवर, उजवा सीटवर किंवा कॅरिअरवर. ढकलण्यात कमीपणा काही नाही. उद्याही चढ आहेतच.

उतार

अपघात इथे होतात, म्हणून हे मन लावून वाचा. वजन वाढलं की ब्रेकला त्याच प्रमाणात जास्त काम करावं लागतं, आणि वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा दोन्ही ब्रेक ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. मधल्या वेळात रिम किंवा डिस्क निवते. लांब उतारावर रिम ब्रेक सतत दाबून धरले तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. मध्ये थांबून रिमजवळ हात नेऊन पाहा. डिस्कला मात्र हात लावू नका. ब्रेकचे रबर किंवा पॅड निघण्यापूर्वी नवे बसवा आणि एक जोडी बरोबर घ्या.

उतारावर अचानक हँडल थरथरू लागलं, पूर्ण सायकल लाटेसारखी हलू लागली, तर घाबरून हँडल आवळू नका. दोन्ही गुडघे फ्रेमच्या आडव्या नळीला टेकवून दाबा, पकड सैल ठेवा आणि मागच्या ब्रेकने हळूहळू वेग कमी करा. थांबल्यावर कारण शोधा. बहुतेक वेळा मागचं ओझं उंच किंवा सैल असतं, कॅरिअरचा बोल्ट ढिला असतो किंवा हँडलच्या बेअरिंगमध्ये खेळ आलेला असतो. ते दुरुस्त केल्याशिवाय पुढचा उतार उतरू नका.

खाडी ओलांडताना

दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या ठिकाणी गाड्या वाहून नेणाऱ्या बोटी आहेत. स्थानिक लोक त्यांना जंगलजेटी म्हणतात. सायकल हातात धरून रॅम्पवरून चढवा. शेवाळलेल्या ओल्या लोखंडावर चाक घसरतं. बोटीत सायकल कठड्याला टेकवून पुढचा ब्रेक ट्यूबच्या रबराने हँडलला आवळून ठेवा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. भरलेल्या सायकलचा भार एकपायी स्टँडवर कधीच सोडू नका.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये मात्र सायकल हातांनी उचलून चढवावी लागते. म्हणून बॅगा चटकन निघतील अशा असाव्यात आणि प्रत्येक बॅग एका हाताने उचलता यावी. दहा बारीकसारीक पिशव्या बांधल्या की धक्क्यावर एखादी मागे राहते. सगळं सामान चार नगांत बसवा आणि चढता-उतरताना मोजा.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने आणि वाळूने चेन लवकर करकरू लागते. दर दोन दिवसांनी ती फडक्याने पुसा आणि थोडं तेल द्या. पुळणीवर सायकल चालवण्याचा मोह आवरा.

दुरुस्तीची पिशवी

दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, टायर काढायचे चमचे, अ‍ॅलन कीचा संच, चेन जोडायची कडी आणि चेनचं अवजार, ब्रेक आणि गिअरची एकेक वायर, कॅरिअरचे बोल्ट, केबल टाय, चिकटपट्टी. याशिवाय आपल्या चाकाच्या मापाच्या तीन-चार तारा फ्रेमच्या नळीला चिकटवून ठेवा. गावात तार मिळते पण तुमच्या मापाची मिळेलच असं नाही. चेनच्या बाजूची तार बदलायला फ्रीव्हील किंवा कॅसेट काढावी लागते. ते काढायचं छोटं अवजार जवळ असेल तर मोठा पाना कोणत्याही गॅरेजात मिळतो.

वाटेत तार तुटलीच तर ती शेजारच्या तारेला गुंडाळा, लगतच्या तारा थोड्या पिळून चाक ब्रेकला लागणार नाही इतपत सरळ करा, मागची जड बॅग हलकी करून काही सामान पुढे किंवा सोबत्याच्या सायकलवर द्या आणि पुढच्या गावापर्यंत सावकाश जा.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी चाळीस-पन्नास किलोमीटरपलीकडे जाऊ नका. शरीराला आणि सायकललाही ओझ्याची सवय व्हायची असते. दुसऱ्या संध्याकाळी सगळं सामान पलंगावर पसरा. दोन दिवसांत ज्याला हातही लागला नाही ते बाजूला काढा. दुरुस्तीचं सामान, औषधं, दिवे आणि रेनकोट सोडून बाकी जे उरेल ते जवळच्या पोस्टातून पार्सल करून घरी पाठवा. शंभर-दोनशे रुपये जातील, पण पुढचे सगळे चढ तेवढ्याने हलके होतील.

कोकणचा रस्ता बळापेक्षा तयारीला जास्त दाद देतो. पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसंही नीट बांधलेल्या सामानानिशी हा रस्ता करू शकतात. तुम्हीही कराल. येत्या रविवारी बॅगांत पाण्याच्या बाटल्या भरा आणि जवळचा चढ गाठा. तयारी तिथूनच सुरू होते.